चौकातले कॅमेरे आणि स्थानिक प्रशासन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहतूक नियंत्रणासाठी कॅमेरे बसवण्याचा विचार करणारे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी, आणि त्या कॅमेऱ्यांखालून रोज जाणारे नागरिक, या दोन्ही बाजूंकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न तेवढेच गुंतागुंतीचे आहेत.

रस्त्यावरचे हे कॅमेरे नेमके करतात काय?

खांबावर दिसायला सगळे सारखे असले तरी त्यांची कामे वेगवेगळी असतात. काही नुसते मोजतात: किती गाड्या गेल्या, कोणत्या प्रकारच्या गेल्या, किती डावीकडे वळल्या. काही सिग्नलला माहिती पुरवतात: या बाजूला रांग साचली आहे, त्या बाजूला रस्ता मोकळा आहे. काही नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसासाठी असतात, म्हणजे अपघात झाला, ट्रक बंद पडला, झाड कोसळले तर लगेच कळावे. आणि काही पुरावा गोळा करतात: नंबरप्लेट, वेळ, जागा, आणि लाल दिवा असताना गाडी कुठे होती त्याचे चित्र.

पहिल्या तिन्ही कामांत गाडी कोणाची आहे हे कळण्याची गरजच नसते. चौथ्यात तेच कळायला हवे असते. बहुतेक वाद, बहुतेक वाया गेलेला खर्च आणि बहुतेक संशय या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे होतो. म्हणून कॅमेरा कशासाठी हवा, ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमत नसेल तर निविदा काढायची वेळ अजून आलेली नाही.

चांगला महाग कॅमेरा घेतला तर ही सगळी कामे एकातच होणार नाहीत का?

कागदावर होतात. खांबावर चढल्यावर अडचण येते.

मोजणीसाठी कॅमेरा उंच हवा, दृश्य रुंद हवे. उंचावरून पाहिले की पुढच्या बसमागे लपलेली दुचाकीही दिसते. नंबरप्लेट वाचायची तर कॅमेरा प्लेटच्या शक्य तितका समोर हवा आणि दृश्य अरुंद हवे. व्हिडिओ देखरेखीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ सालच्या आवृत्तीत याचा हिशेब दिलेला आहे: माणूस खात्रीने ओळखता यावा असे चित्र हवे असेल तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल धरतात. १,९२० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याला या हिशेबाने ७.६८ मीटरच झेपतात, म्हणजे जेमतेम दोन लेन. त्याच कॅमेऱ्याने अख्खा चौक दाखवायचा ठरवला की प्लेटवरची अक्षरे म्हणजे नुसते करडे ठिपके.

दुसरी अडचण शटरची. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १६.७ मीटर पुढे सरकते. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात गाडी ३३ सेंटीमीटर सरकलेली असते आणि प्लेटचा फराटा उमटतो. हजारावा भाग ठेवले तर गाडी सरकते पावणेदोन सेंटीमीटरांच्या आत, अक्षरे सुटी दिसतात. पण इतक्या झटपट मिटणाऱ्या शटरला रात्री उजेड पुरत नाही. म्हणून नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यासोबत इन्फ्रारेड दिवा असतो. प्रकाश परावर्तित करणारी प्लेट त्यात लख्ख दिसते आणि बाकीची गाडी काळोखात बुडते. म्हणजे त्या चित्रात गाडीचा रंग, प्रकार, आजूबाजूचा रस्ता यातले काहीच दिसत नाही आणि त्यासाठी शेजारी दुसरा, साधा कॅमेरा लावावा लागतो.

‘एकच कॅमेरा सर्व कामे करील’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला रात्री दहा वाजता, पावसात, तुमच्याच चौकात करून दाखवायला सांगा.

कॅमेरे बसवले की कोंडी कमी होते का?

नुसत्या कॅमेऱ्याने नाही. कॅमेरा रस्ता रुंद करत नाही.

मात्र कोंडी कशामुळे होते हे तो दाखवतो, आणि पुष्कळदा कारण आपण समजत होतो त्यापेक्षा वेगळे निघते. एक हिशेब पाहा. हिरवा दिवा लागला की रांगेतल्या गाड्या एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक या गतीने सुटतात. सिग्नलचे आवर्तन १२० सेकंदांचे आहे आणि एका बाजूला ३० सेकंद हिरवा मिळतो असे धरा. एका आवर्तनात १५ गाड्या सुटतील आणि तासाला ३० आवर्तने होत असल्याने ४५० गाड्या. त्या बाजूने तासाला ५०० गाड्या येत असतील तर दर तासाला ५० गाड्यांनी रांग वाढत जाणार. आता हिरवा ३४ सेकंदांचा केला तर एका आवर्तनात १७, तासाला ५१०, आणि रांग वाढायची थांबते. सुटताना सुरुवातीला वाया जाणारे एक-दोन सेकंद इथे धरलेले नाहीत, पण मुद्दा तोच राहतो. अर्धा किलोमीटरची रांग कधी कधी चार सेकंदांच्या चुकीतून तयार झालेली असते.

ते चार सेकंद अर्थातच दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात. कोणाच्या वाट्यातून काढले तर कमी दुखेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथे आहे. अडचण अशी की आकडे येतात, नियंत्रण कक्षातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर रंगीत आलेख नाचतात, आणि सिग्नलच्या वेळा मात्र कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी भरल्या तशाच राहतात. त्या वेळा बदलण्याचे अधिकार आणि कौशल्य असलेला वाहतूक अभियंता प्रशासनाकडे नसेल, तर कॅमेऱ्यांआधी त्याची नेमणूक करा.

सिग्नल कॅमेऱ्याच्या भरवशावर चालतो म्हणजे कसा?

संगणकाच्या चित्रात रस्त्यावर काल्पनिक चौकटी आखलेल्या असतात. चौकटीत गाडी आहे की नाही, रांग कुठवर पोहोचली, हे प्रणाली सतत पाहत असते आणि त्यावरून हिरवा लांबवते किंवा तोडते. कल्पना नवी नाही. सिडनीत १९७० च्या दशकात विकसित झालेली स्कॅट्स आणि ब्रिटनमधली स्कूट या प्रणाली, डांबराखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांकडून माहिती घेऊन, कितीतरी वर्षे हेच करत आल्या आहेत. कॅमेरा त्या तारेच्या जागी आला, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र लेखी मागून घ्या: कॅमेरा बंद पडला, भिंगावर चिखल उडाला किंवा दाट धुके पडले तर सिग्नल काय करील? चांगली प्रणाली आपल्याला दिसत नाही हे ओळखते आणि आधीच भरून ठेवलेल्या ठराविक वेळांवर जाते. वाईट प्रणाली ‘गाडीच नाही’ असे समजून त्या बाजूला लाल धरून बसते.

तारेची वेटोळी, रडार वगैरे असताना कॅमेराच का?

वेटोळे भरवशाचे असते, पाऊस-धुक्याचा त्याला फरक पडत नाही. पण ते बसवायला रस्ता कापावा लागतो आणि पुढच्या खोदकामात ते हमखास तुटते. रडार वेग उत्तम सांगतो, अंधारातही चालतो. पण खेटून उभ्या असलेल्या गाड्या वेगळ्या मोजताना गडबडतो. उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागत नाही, पादचारी आणि सायकलस्वार तो चांगले ओळखतो, नंबर वाचू शकत नाही. साधा कॅमेरा यांतले बरेचसे थोडे थोडे करतो, आणि काय घडले ते माणसाला डोळ्यांनी पाहता येते. जिथे फक्त गाड्यांची संख्या हवी आहे तिथे कॅमेरा न लावणे हाच बरेचदा शहाणपणाचा निर्णय.

मोजणी किती बरोबर असते?

दुपारी, कोरड्या हवेत, शिस्तीत लेनमधून चाललेल्या मोटारी असतील तर फारच चांगली. अडचणी बाकीच्या वेळी येतात. सकाळ-संध्याकाळी सूर्य थेट भिंगात शिरतो, म्हणून पूर्व-पश्चिम रोखलेला कॅमेरा नेमका गर्दीच्या वेळी आंधळा होतो. ओल्या रस्त्यावर हेडलाइटचे प्रतिबिंब पडते आणि एकाच्या दोन गाड्या मोजल्या जातात. लांब सावली शेजारच्या लेनमध्ये गेली की तिथे गाडी ‘दिसते’. लेन न पाळणारी मिश्र वाहतूक असेल, तर दुसऱ्या देशातल्या शिस्तशीर रस्त्यांवर शिकवलेले सॉफ्टवेअर दुचाकींच्या घोळक्याला एकच वाहन समजते.

पडताळणीची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. सकाळची गर्दी, दुपार, संध्याकाळची तिरीप, रात्र आणि पाऊस अशा वेळांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चित्रण निवडा. दोन माणसांना वेगवेगळे बसवून हाताने मोजायला लावा, मग यंत्राचा आकडा शेजारी मांडा. नुसती बेरीज पाहू नका. चाळीस मोटारी जास्त आणि चाळीस दुचाकी कमी मोजल्या तरी बेरीज अगदी बरोबर येते.

नंबर वाचण्याची अचूकता ९९ टक्के असल्याचे सांगतात. मग काळजी कसली?

कशाची ९९ टक्के, हे विचारा. एकेका अक्षराची की पूर्ण नंबरची? अक्षरामागे ९९ टक्के असेल आणि नंबर दहा अक्षरांचा असेल, तर दहाही अक्षरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ९० टक्क्यांवर येते. चौकातून दिवसाला २०,००० गाड्या जात असतील तर रोज १,९०० च्या आसपास नंबर चुकीचे. सरासरी प्रवासाचा वेळ काढण्यासाठी हे चालते. चुकलेले नंबर पुढच्या कॅमेऱ्याशी जुळत नाहीत आणि आपोआप गळतात. दंडाची नोटीस पाठवण्यासाठी हे मुळीच चालत नाही.

ब्रिटनने १९७६ साली नंबर वाचणारे तंत्र विकसित केले, म्हणजे त्यांच्या गाठीला अनुभव भरपूर. तरी २०२१ मध्ये तिथल्या बाथ शहरात बसच्या लेनमध्ये गाडी घातल्याची नोटीस एका अशा माणसाला गेली, जो त्या शहरात गेलाच नव्हता. चित्रात गाडीच नव्हती. बसच्या लेनमधून एक बाई चालत होत्या, त्यांच्या टी-शर्टवर एक इंग्रजी शब्द छापलेला होता आणि खांद्यावरच्या पर्सचा पट्टा त्यावरून आडवा गेल्यामुळे उरलेली अक्षरे यंत्राला गाडीच्या नंबरसारखी वाटली. दंड रद्द झाला, जगभर हसू झाले.

मग दंड आपोआप पाठवावा की नाही?

चित्र निवडणे यंत्राकडे, निर्णय माणसाकडे. नोटीस निघण्यापूर्वी प्रशिक्षित माणसाने चित्र पाहायलाच हवे. आणि एका चित्रामागे त्याला दोनच सेकंद मिळत असतील तर ते पाहणे नुसते नावाला.

चीनमधल्या निंगबो शहरात २०१८ साली रस्ता चुकीच्या जागी ओलांडणाऱ्यांचे चेहरे ओळखून ते चौकातल्या पडद्यावर झळकवणारी यंत्रणा होती. तिने एका नामवंत उद्योजिकेला दोषी ठरवले. त्या तिथे नव्हत्याच. त्यांचा चेहरा होता बसवर रंगवलेल्या जाहिरातीत, आणि बस चौकातून निघाली होती. माणसाची एक नजर पडली असती तर ही शोभा टळली असती.

नोटिशीत गाडीचे स्पष्ट चित्र, सिग्नलची स्थिती दिसणारे दुसरे चित्र, जागा, सेकंदापर्यंतची वेळ आणि तक्रार कुठे करायची ते, एवढे हवेच. वेळ म्हटली की कॅमेऱ्यांची घड्याळे एका मध्यवर्ती घड्याळाशी जुळलेली असणे आले. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक असेल तर पुरावा तक्रारीत टिकत नाही. मूळ चित्रफितीत नंतर फेरफार झाला नाही हे दाखवणारी डिजिटल मोहोरही लागते.

कॅमेऱ्याने वेग मोजता येतो का?

अंदाजे, हो. दंडासाठी प्रमाणित रडार किंवा लेझर जोडावा लागतो. आणखी चांगला पर्याय म्हणजे सरासरी वेग: दोन ठिकाणी नंबर टिपायचा आणि मधल्या वेळेवरून वेग काढायचा. २ किलोमीटरच्या टप्प्यावर ताशी ६० ची मर्यादा असेल तर १२० सेकंदांच्या आत पोहोचणारा प्रत्येक जण मर्यादा मोडूनच आलेला असतो. एकट्या कॅमेऱ्यासमोर करकचून ब्रेक आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुसाट, हा प्रकार इथे चालत नाही.

सिग्नल तोडणाऱ्यांवर कॅमेरे लावल्याने अपघात खरेच कमी होतात?

काही प्रकारचे कमी होतात, काही वाढतात. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काटकोनात होणाऱ्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या आणि मागून आदळण्याचे प्रकार सुमारे १५ टक्क्यांनी वाढले असे आढळले. काटकोनातली धडक जास्त जीवघेणी, म्हणून एकूण हिशेब फायद्याचा ठरला. पण ज्या चौकात मुळात मागून आदळण्याचेच अपघात जास्त आहेत, तिथे हा कॅमेरा उलटा पडू शकतो.

कॅमेऱ्याआधी पिवळा दिवा तपासा. रस्त्याच्या वेगाच्या मानाने पिवळा तोकडा असेल तर चालकाला ना थांबता येते ना निघता येते, आणि अशा चौकात ‘सिग्नल तोडणाऱ्यांची’ संख्या फुगलेली दिसते. पिवळा अर्ध्या-एक सेकंदाने वाढवला की त्यातले बरेच जण नाहीसे होतात, एकही कॅमेरा न लावता. शिकागोत २०१४ साली याच बाबतीत गदारोळ झाला. पिवळ्याची किमान मर्यादा ३ सेकंदांची असताना २.९ सेकंदांच्या पिवळ्यावरही हजारो नोटिसा गेल्याचे उघडकीला आले. त्याच शहरात या कॅमेऱ्यांच्या कंत्राटातल्या लाचखोरीबद्दल माजी अधिकाऱ्याला तुरुंगवासही झाला. दंडातून येणारा पैसा अंदाजपत्रकात ‘उत्पन्न’ म्हणून धरला गेला, की पिवळा वाढवण्याची इच्छा कोणालाच राहत नाही.

परिणाम मोजतानाही एक सापळा आहे. एखाद्या चौकात एका वर्षी अपघात अचानक वाढले म्हणून तिथे कॅमेरा बसतो. पुढच्या वर्षी ते कमी होतात. पण असा वाईट वर्षाचा उसळलेला आकडा काही न करताही पुष्कळदा सरासरीकडे परत येतो. म्हणून निदान तीन वर्षांचे आधीचे आकडे आणि कॅमेरा नसलेले तसेच काही चौक तुलनेला घ्या.

अपघात घडायची वाट न पाहताही काही कळू शकते. थोडक्यात टळलेल्या धडका मोजण्याची पद्धत स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात बऱ्याच वर्षांपासून विकसित झाली आहे. एक गाडी ज्या जागेवरून गेली तिथे दुसरी किती सेकंदांनी पोहोचली, हे कॅमेरा दिवसभर न थकता मोजू शकतो. हे अंतर वारंवार सेकंद-दीड सेकंदाच्या खाली जात असेल तर त्या चौकाची आखणी बदलायला हवी. माझ्या मते कॅमेऱ्याचा हा सर्वांत मोलाचा उपयोग आहे, आणि निविदांमध्ये सर्वांत कमी मागितला जाणारा.

शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचे असेल तर?

तंत्र तयार आहे. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारे असे शुल्क सुरू केले. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी सात महिने प्रयोग केला, त्यानंतर लोकांचे मत घेतले आणि २००७ मध्ये शुल्क कायम केले. शुल्काच्या हद्दीतून जाणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोगापूर्वी विरोध मोठा होता, फरक डोळ्यांनी दिसल्यावर मत बदलले. पण तिथे शुल्काबरोबर जादा बसही सोडल्या होत्या. गाडी ठेवून जायचे कसे याची सोय नसेल तर शुल्क लावून नुसता रोष पदरात पडेल.

कॅमेरे आमचे चेहरे टिपतात का?

चित्रात चेहरा येऊ शकतो. चेहरा ओळखणे हे वेगळे सॉफ्टवेअर आहे. वाहतुकीच्या कोणत्याही नेहमीच्या कामासाठी ते लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने मे २०१९ मध्ये शहराच्या सर्व विभागांना चेहरा ओळखण्याचे तंत्र वापरायला बंदी केली. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने सार्वजनिक जागी पोलिसांकडून तत्क्षणी चेहरा ओळखण्यावर, मोजके अपवाद सोडून, मनाई केली आहे. तुमच्या प्रशासनाला हे नको असेल तर ‘वापरणार नाही’ एवढ्या आश्वासनावर थांबू नका. ती सोय खरेदीतच नसावी.

चित्रण किती दिवस ठेवायचे?

उद्देशाला लागेल तेवढेच. मोजणीच्या कॅमेऱ्याचे चित्रण ठेवायची गरजच नाही. कॅमेऱ्यातच मोजणी होऊन फक्त आकडे बाहेर पाठवता येतात. घटनेच्या देखरेखीसाठी काही दिवस पुरतात. दंडाचा पुरावा प्रकरण निकाली निघेपर्यंत ठेवायचा, बाकीच्यांचे नंबर लगेच पुसायचे. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचेही सूत्र हेच आहे.

‘असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणणाऱ्यांसाठी पैशाचा हिशेब: सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट चित्रण तयार करतो. असे २०० कॅमेरे महिनाभर ठेवायचे म्हणजे २५० टेराबाइटच्या वर गेले.

नंबर थेट न ठेवता सांकेतिक रूपात ठेवले तर गोपनीयता सांभाळली जाते ना?

पुरेशी नाही. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती पुढच्या वर्षी खुली झाली. टॅक्सी आणि चालकांचे क्रमांक एमडी-५ या पद्धतीने सांकेतिक केलेले होते. पण शक्य असणारे क्रमांकच मोजके. सगळे एकामागून एक सांकेतिक करून जुळवले की मूळ क्रमांक हाती येतात, आणि एका प्रोग्रामरने ते काही तासांत करून दाखवले. गाड्यांच्या नंबरचेही तसेच आहे. सांकेतिक करताना नंबरमध्ये गुप्त किल्ली, म्हणजे बाहेर कोणाला माहीत नसलेली अक्षरे, मिसळा, ती रोज बदला आणि जुनी नष्ट करा. त्याहून बरे म्हणजे प्रवासाचा वेळ काढून झाला की नंबर टाकूनच द्या.

पोलिसांनी चित्रण मागितले तर?

ते मागणार, हे धरून आधीच नियम करा. सॅन दिएगो शहराने २०१६ नंतर रस्त्यांवर हजारो ‘स्मार्ट’ दिवे बसवले. सांगितलेला उद्देश होता वाहतुकीची आणि पर्यावरणाची माहिती. पुढे त्यातले चित्रण पोलीस तपासासाठी वापरू लागले आणि हे लोकांना फार उशिरा कळले. असंतोष इतका वाढला की सप्टेंबर २०२० मध्ये महापौरांनी कॅमेरे बंद करायला सांगितले. तपासाला त्यांचा उपयोग झालाही असेल. लोकांचा आक्षेप होता तो न विचारता उद्देश बदलण्याला.

मागणी लेखी असावी, कोणत्या कायद्याखाली ते नमूद असावे, मंजुरी देणारा अधिकारी नेमलेला असावा, नोंदवही असावी, आणि वर्षातून एकदा किती मागण्या आल्या, किती फेटाळल्या ते जाहीर व्हावे. नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याने ओळखीतून मोबाइलवर पाठवलेली चित्रफीत ही गळती समजायची, मदत नव्हे.

नागरिकांना काय सांगायला हवे?

कॅमेरा कुठे आहे, कशासाठी आहे, माहिती कोणाकडे आणि किती दिवस राहते, तक्रार कुठे करायची. खांबावर चार ओळींचा फलक आणि संकेतस्थळावर यादी पुरते. फलकामुळे चालक सावध होतात अशी तक्रार कधी कधी येते. ते सावध व्हावेत हीच तर अपेक्षा असते.

निविदेत काय काय नक्की असावे?

सगळे इथे मावणार नाही, पण ज्यावरून नंतर कपाळावर हात मारायची वेळ येते ते सांगतो.

कंत्राटदाराचा मोबदला दंडाच्या संख्येवर कधीही ठरवू नका. ज्याचे उत्पन्न चुकांवर चालते त्याला चुका कमी व्हायला नको असतात.

माहितीची मालकी प्रशासनाची, आणि कंत्राट संपल्यावर ती खुल्या स्वरूपात परत मिळायला हवी. ‘पडद्यावर अहवाल दिसेल’ म्हणजे मालकी नव्हे. कॅमेरे ऑनविफसारख्या सामायिक मानकावर चालणारे घ्या, नाहीतर पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बदलायचे तर खांबावरचे सगळे कॅमेरेही बदलावे लागतात.

‘९९ टक्के चालू’ या अटीची व्याख्या लिहा. कॅमेऱ्याला वीज आहे म्हणजे चालू, की वापरता येईल असे चित्र येते म्हणजे चालू? वेलीने झाकलेला कॅमेराही पहिल्या व्याख्येत चालूच असतो. आणि स्वीकृती चाचणी तुमच्या चौकात, तुम्ही निवडलेल्या वेळी. विक्रेत्याने आणलेल्या चित्रफितीवर नको.

बसवल्यानंतरची देखभाल किती असते?

अंदाजापेक्षा जास्त. धूळ, धूर आणि पावसाचे डाग भिंगावर साचतात. रात्री इन्फ्रारेड दिव्याच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतात, आणि भिंगासमोरचे जाळे त्याच दिव्यात पांढरेफेक चमकते. मग सॉफ्टवेअर रात्रभर हलणारे ‘वाहन’ मोजत बसते. खांब वाऱ्याने हलतो, एखादा टेम्पो त्याला धक्का देऊन जातो, कॅमेरा दोन अंश फिरतो आणि चित्रात आखलेल्या चौकटी पदपथावर जातात. आकडे येतच राहतात, फक्त ते चुकीचे असतात. म्हणून दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचे आजचे चित्र बसवल्या दिवशीच्या चित्राशेजारी ठेवून पाहणारा माणूस हवा. झाडांची छाटणी करणारा विभाग आणि रस्ते खोदणारा विभाग या दोघांशी रीतसर समन्वयही हवा. केबल बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून तुटते.

हे कॅमेरे हॅक होऊ शकतात?

हो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे ठप्प केली. मूळ पासवर्ड बदला, कॅमेरे थेट इंटरनेटवर ठेवू नका, आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार ते खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. खांबाखालच्या पेटीला कुलूप लावा. ती उघडी असेल तर बाकीचे सगळे व्यर्थ.

सुरुवात किती कॅमेऱ्यांनी करावी?

एका रस्त्यावरचे लागोपाठचे तीन-चार चौक घ्या. शहरभर विखुरलेले तेवढेच कॅमेरे घेण्यापेक्षा हे बरे, कारण एका चौकाची रांग पुढच्या चौकावर कशी चढते ते सलग रस्त्यावरच दिसते. बसवण्याआधीचे प्रवासाचे वेळ, रांगांची लांबी आणि पादचाऱ्यांना थांबावे लागणारा वेळ नोंदवून ठेवा. पादचारी नेहमी विसरले जातात. गाड्यांचा वेळ वाचला आणि रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाचा दुप्पट झाला, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

बसवलेला कॅमेरा काढून टाकावा असे कधी ठरवायचे?

ज्या कारणासाठी बसवला ते संपले की. चौकाची जागा वर्तुळाकार बेटाने घेतली, तर सिग्नल तोडणाऱ्यांवरचा कॅमेरा तिथे कशाला? दर दोन वर्षांनी यादी काढा आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर लिहा: याच्या माहितीवरून गेल्या दोन वर्षांत कोणता निर्णय झाला? रकाना रिकामा राहिला तर कॅमेरा उतरवा आणि गरज असलेल्या चौकात न्या. रिकाम्या खांबावरचा फलकही त्याच दिवशी काढा.